आईला विचारलं का?

फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावली की बसपर्यंत दुकानांची रांग पार करावी लागते. स्फटिकाचे खडे, फोडलेल्या दगडाच्या पोटातले चमचमते दाणे, माळा, टोप्या. 'घेऊ नका, नुसतं बघा' म्हणणाऱ्याच्या हातात पाच मिनिटांनी आपले पैसे असतात. तिथून बस चार किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणाशी, अजिंठ्याच्या लेण्यांखाली आणून सोडते. माझ्याबरोबर चौथीतली भाची होती. दहा क्रमांकाच्या लेण्यापर्यंत तिला सगळ्यात जास्त आवडली होती ती माकडं.

सतराव्या लेण्यात गाईडनं विश्वंतराची गोष्ट सांगायला घेतली. हा राजपुत्र मागेल त्याला मागेल ते देऊन टाकायचा. पाऊस आणणारा पांढरा हत्ती दिला, तेव्हा प्रजा चिडली आणि त्याला बायकोमुलांसह वनवासात धाडलं. तिथं जूजक नावाचा म्हातारा आला आणि त्यानं राजपुत्राची दोन्ही मुलंच मागितली. राजपुत्रानं दिली. भिंतीवर जूजक आहे: पडके दात, बकरदाढी, लोभानं पसरलेलं तोंड. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं त्याला इतका ओंगळ काढलाय की पोरं त्याच्याकडे बघून खिदळतात. भाची खिदळली नाही. तिनं विचारलं, "त्यांच्या आईला विचारलं का?"

गाईड जरा थबकला. "नाही बेटा, आई रानात फळं आणायला गेली होती."

"मग ती परत आल्यावर?"

मागं पुढचा घोळका येऊन ठेपला होता. आम्हाला बाहेर काढण्यात आलं.

दुपारी फर्दापुरात शेवभाजी आणि भाकरीपुढे बसलो, तेव्हा हॉटेलातल्या टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' चालू होता. म्हणजे काय, तो कुठे ना कुठे चालूच असतो. १९८८ चा सिनेमा, जागा फक्त लग्न झालेल्या जोडप्याला देणारी घरमालकीण, म्हणून साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे. वाढणारा पोरगा कढई तशीच धरून पडद्याकडे बघत उभा. भाची आता पोट धरून हसत होती. आणि माझ्या डोक्यात सकाळचाच प्रश्न वेगळं तोंड घेऊन आला: घरादारानं मिळून बघायची जुनी चित्रं आजच्या डोळ्यांना खुपू लागली, की त्यांचं करायचं काय?

या प्रश्नाची जगातली सगळ्यात गाजलेली केस आहे डिस्नेच्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमाची. १९४६ सालचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यावर म्हातारा काळा अंकल रीमस एका गोऱ्या पोराला सशा-कोल्ह्याच्या गोष्टी सांगतो. मळा असा रंगवलाय की तिथं राबणाऱ्यांना कशाचं दुःखच नाही, सगळे गाणी म्हणत कामाला जातात. अमेरिकी थिएटरात तो शेवटचा लागला १९८६ साली. त्यानंतर कंपनीनं तो अमेरिकेत कॅसेटवर आणला नाही, डीव्हीडीवर नाही, स्वतःच्या ओटीटीवर तर नाहीच. २०२० मध्ये कंपनीचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर भागधारकांना म्हणाले की सूचना लावूनही हा सिनेमा दाखवणं आजच्या जगात योग्य नाही. गंमत म्हणजे ब्रिटन आणि जपानमध्ये त्याच्या कॅसेटी रीतसर निघाल्या होत्या. त्यामुळे ज्याला बघायचा त्यानं चोरटी प्रत मिळवून बघितलाच. दडपणं म्हणतात ते हे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच झाला की सिनेमा आहे, फक्त त्याच्याशेजारी उभं राहून चार शब्द सांगणारं कुणी नाही.

दडपण्यात आणखी एक माणूस दडपला जातो. अंकल रीमस झालेले जेम्स बॅस्केट. अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ झाला तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे सिनेमाचा हा मुख्य नट समारंभाला जाऊ शकला नाही. १९४८ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ते वारले. सिनेमा कपाटात बंद केला की कंपनीची लाज झाकते खरी, पण बॅस्केटचं कामही झाकतं, आणि त्यांना दाराबाहेर ठेवणारा गावही.

दुसरी वाट म्हणजे पाटी लावणं. २०१९ च्या नोव्हेंबरात डिस्नेची ओटीटी सेवा सुरू झाली तेव्हा 'डम्बो', 'पीटर पॅन' अशा सिनेमांच्या माहितीत एक बुळबुळीत ओळ होती: यात कालबाह्य सांस्कृतिक चित्रण असू शकेल. असू शकेल! आहे की नाही ते बनवणाऱ्यालाच ठाऊक नसल्यासारखं. २०२० च्या ऑक्टोबरात ती बदलली. नवी पाटी सिनेमाच्या आधी झळकू लागली आणि तिचा मतलब असा होता की हे चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे. पाठोपाठ लहान मुलांच्या खात्यांतून यातले काही सिनेमे काढूनही टाकले. २०२५ मध्ये वारं फिरलं, पाटी पुन्हा मवाळ झाली आणि सिनेमाच्या आधीची जागा सोडून माहितीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. सहा वर्षांत तीन पाट्या. सिनेमे तेच. यावरून सिनेमांबद्दल काही कळत नाही, पाटी लिहिणाऱ्याच्या धाबे दणाणण्याबद्दल मात्र बरंच कळतं.

तरीही त्या तीन पाट्यांतली मधली मला महत्त्वाची वाटते, आणि ती एका शब्दासाठी: 'तेव्हाही'.

कारण जुन्याची बाजू घेताना आपल्या तोंडात पहिलं वाक्य येतं ते 'त्या काळी तसंच होतं हो'. हे वाक्य समजूतदार वाटतं, पण बहुतेक वेळा ते खोटं असतं. 'साँग ऑफ द साउथ' लागला त्याच वर्षी, १९४६ मध्येच, काळ्या नागरिकांच्या राष्ट्रीय संघटनेनं मळ्याच्या या गोडगुलाबी चित्राला जाहीर हरकत घेतली होती. न्यूयॉर्कात थिएटरांबाहेर लोक फलक घेऊन उभे होते. 'गॉन विथ द विंड'वर १९३९ च्या सुमारासच काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली होती. 'त्या काळी कुणाला खटकत नव्हतं' म्हणजे ज्यांना खटकत होतं त्यांना आपण त्या काळात मोजलंच नाही.

विश्वंतराचं तरी वेगळं काय आहे? भाचीचा प्रश्न मला आधी आजच्या काळातल्या पोरीचा वाटला. पण 'मिलिंदपञ्ह' या प्राचीन पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला जवळपास याच मुद्द्यावर कोंडीत पकडतो: रडणारी मुलं दुसऱ्याच्या हवाली करणं हे कसलं दान? नागसेन उत्तर देतो आणि राजाचं समाधान झालं असं ग्रंथ सांगतो. माझं झालं नाही, ते असो. पण ज्या परंपरेनं ही गोष्ट भिंतीवर रंगवली तिनंच तिच्यावरची शंकाही लिहून ठेवली, पुसली नाही. आणि जूजकाला तसा हिडीस काढणाऱ्या चित्रकाराच्या मनातही काहीतरी सलत असणारच, असं मला आपलं वाटतं.

तिसरी वाट सगळ्यात फसवी: मूळ चित्रच थोडं 'सुधारून' टाकणं. डिस्नेच्या 'फँटेशिया'त (१९४०) अर्धी मुलगी-अर्धं घोडं अशा गोऱ्या सुंदऱ्यांच्या खुरांना पॉलिश करणारी एक काळी पोर होती. १९६९ नंतरच्या प्रतींत तिला कापून टाकलं. आता सिनेमा बघणाऱ्याला वाटतं, यात तसलं काही नव्हतंच. आपल्याकडेही २००९ मध्ये नाभिक बांधवांनी हरकत घेतल्यावर 'बिल्लू बार्बर' नुसता 'बिल्लू' झाला. २००७ मध्ये 'आजा नचले'च्या शीर्षकगीतातली जातीवाचक ओळ बंदी आल्यावर बदलली. हे दोन्ही सिनेमे तेव्हा नवे होते आणि दुखावलेली माणसं समोर जिवंत होती. तिथं बदल करणं मला गैर वाटत नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं तेही बरोबरच, कारण त्या पाटीखालून पोरांना रोज शाळेत जायचं असतं. पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा सिनेमा हा पत्ता नसतो, ती साक्ष असते. साक्षीत खाडाखोड केली तर सुटतो तो आरोपी.

सुधारणेनं काय होतं ते बघायला फर्दापूरहून लांब जावं लागत नाही. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. नंतर १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. दोघांनाही चित्रं नीट दिसायला हवी होती, म्हणून भिंतीवर वॉर्निश चढलं. १९२० नंतर निजाम सरकारनं इटलीहून जाणकार बोलावले, त्यांनी सुटणारे पोपडे चिकटवले आणि वरून लाखेचा हात दिला. त्या दिवशी चित्रं झळाळली असणार. मग वॉर्निश पिवळं पडलं, काळवंडलं, तडकलं, आणि काही ठिकाणी सोलून निघताना खालचा रंगही घेऊन गेलं. पुढे पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ वर्षानुवर्षं ते थर बोटाबोटानं काढत बसले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी चित्राचं भलंच केलं होतं.

उलट दहा क्रमांकाच्या लेण्यात बघा. २८ एप्रिल १८१९ ला वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खांबावर, रंगवलेल्या आकृतीवरच, आपलं नाव नि तारीख खरवडली. लेणं तेव्हा गाळानं भरलेलं असल्यामुळे ती अक्षरं आज डोक्याच्या बरीच वर दिसतात. शुद्ध नासधूस. पण ती कुणी बुजवली नाही. गाईड बोट करून दाखवतो आणि आधी शोधाची गोष्ट सांगतो, मग शिवी घालतो. याहून चांगली पाटी मी पाहिलेली नाही.

आता मराठी सिनेमाकडे यायचं तर पहिली अडचण ही की आपल्याकडे दडपायचं काम आधी परक्या सरकारनं केलं. कोल्हापूरच्या प्रभातनं १९३० मध्ये शिवाजीमहाराजांवर मूकपट काढला. नाव होतं 'स्वराज्य तोरण'. 'स्वराज्य' हा शब्द सेन्सॉरच्या पचनी पडेना, मग तो 'उदयकाल' म्हणून लागला. पाच वर्षांनी, तोवर पुण्यात आलेल्या प्रभातनं अजिंठ्याच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांवर सिनेमा केला. बालगंधर्व एकनाथ झाले. नाव 'महात्मा'. हे नाव ऐकलं की त्या दिवसांत डोळ्यांपुढे गांधीच यायचे, आणि विषय तर अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या ब्राह्मणाचा. सेन्सॉरच्या हरकतीपायी 'महात्मा'चा 'धर्मात्मा' झाला. आज हा सिनेमा कुणी दाखवला तर संतपट म्हणून दाखवतो, आरत्या-अभंगांच्या हिशेबानं. आपल्या संतपटांतला हा एक सरकारला झोंबला होता, हे सांगणारी एक ओळ सुरुवातीला आली तर बघणाऱ्याचा अख्खा सिनेमा बदलेल. पाटी म्हणजे दर वेळी माफीनामाच असायला हवा असं नाही.

आणि माफीचीच पाटी लावायची झाली तर ती कुणाला? इथं मला दोन सिनेमे शेजारी ठेवावेसे वाटतात.

१९९१ चा 'माहेरची साडी'. विजय कोंडके दिग्दर्शक, अलका कुबल नायिका, मूळ गोष्ट 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमातली. जन्मताच आई गेली म्हणून बाप पोरीला अवलक्षणी समजतो, सासरी छळ, आणि ती सोसते, सोसते आणि सोसते. गावोगाव बाया गाड्या करून बघायला गेल्या. आमच्या घरातल्या बायका हातरुमाल घेऊन गेल्या आणि तो पिळून परत आल्या. आज तो टीव्हीवर लागला की विशीतली मुलगी विचारते, 'ही निघून का जात नाही?' आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, 'तो काळच तसा होता.'

होता का? १९३७ मध्ये, म्हणजे चोपन्न वर्षं आधी, प्रभातनं 'कुंकू' केला होता. ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, शांतारामबापूंचं दिग्दर्शन. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधली जाते आणि ते लग्न मानायलाच नकार देते. रडून नाही, तोंडावर. केशवराव दातेंचा तो म्हातारा नवरा शेवटी स्वतःच खजील होतो. ते राहू द्या. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आलं आणि वस्त्यांतून, गावांतून, चौकांतून त्याचे प्रयोग होत राहिले. त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ दंडविधानात आलं. म्हणजे 'माहेरची साडी' लागला तेव्हा त्याला उत्तर देणारं नाटक आठ वर्षं महाराष्ट्र फिरत होतं. तो काळ तसा नव्हता. त्या काळात दोन्ही होतं, आणि तिकिटबारीवर एक जिंकलं.

म्हणून 'माहेरची साडी'वर बंदी घाला म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. त्या रडणाऱ्या बायांना पडद्यावर आपलंच काहीतरी दिसत होतं, ते फेकून कसं द्यायचं? आणि 'त्या काळातला चित्रपट' एवढ्याच पाटीनं तर मी जास्तच चिडेन. पाटी लावायची तर तिच्यावर 'कुंकू'चं साल लिहा, 'मुलगी झाली हो'चं साल लिहा, बाकी काही नको.

'बनवाबनवी'वर काय लिहायचं? पार्वती झालेल्या लक्ष्याच्या डोहाळजेवणाला हसताना आपण नक्की कुणाला हसतो, हा प्रश्न आज विचारला जातो आणि विचारावा. पण माझ्या मते त्या सिनेमात हसू येतं ते बाईला नाही, साडीत अडकलेल्या बाप्यांना, आणि लग्नाचा दाखला असल्याशिवाय खोली न देणाऱ्या घरमालकांना. ते घरमालक अजून हयात आहेत. तिथं पाटी नको. सगळीकडे पाटी लावली की तिचं काय होतं हे आपण जाणतोच: २०१२ च्या ऑक्टोबरपासून पडद्यावर कुणी विडी शिलगावली की कोपऱ्यात धूम्रपानाचा इशारा येतो, आणि तो वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. २०१३ मध्ये वुडी ॲलन यांनी या इशाऱ्यापायीच आपला 'ब्लू जॅस्मिन' भारतात लावू दिला नाही. वयाचे शिक्के आणखी वेगळे. २०२१ चे ओटीटीचे नियम आणि २०२३ चा सुधारित सिनेमा कायदा यांनी ७+, १३+, १६+ असे टप्पे आणलेत. त्यातून एवढंच कळतं की पोरानं बघावं की नाही. बघताना शेजारी बसून काय बोलावं ते त्यात नसतं.

एक मात्र कबूल करायला हवं. स्टुडिओनं दडपावं की पाटी लावावी, हा वाद श्रीमंतांचा आहे. त्यासाठी आधी स्टुडिओ लागतो आणि सिनेमा जिवंत लागतो. प्रभात १९५३ मध्ये बंद झालं. बहुतेक मराठी निर्माते एकटे गडी, घर गहाण ठेवून सिनेमा काढणारे. ते गेल्यावर रिळं कुणाच्या माळ्यावर, हक्क कुणाच्या भाच्याकडे. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि हजारो रिळं गेली. नायट्रेट एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. गिलच्या नकलांचंही तेच झालं: १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बहुतेक सगळ्या जळाल्या. ग्रिफिथ्सच्या १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला, त्याही बऱ्याचशा आगीतच. आपल्याकडे जुनं चित्र दडपायला कुणाच्या भावना दुखवाव्या लागत नाहीत. कूलर बंद पडला, वाळवी लागली, तरी भागतं.

मग उरलेल्यांवर पाटी कोण लिहिणार? आज जुने मराठी सिनेमे राहतात ते टीव्ही वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर, आणि तिथं पाटी नसते, कात्री असते. जाहिरातीला जागा हवी म्हणून गाणं उडतं, कुणाची तक्रार नको म्हणून संवादात टुंईं वाजतं, आणि काय गेलं याची नोंद कुठेच राहत नाही. माझ्या मते हे डिस्नेच्या कुलपापेक्षाही वाईट. कुलूप निदान दिसतं. वाहिनीकडून मला दोनच गोष्टी हव्यात: सिनेमा पूर्ण दाखवा, आणि ज्याला खरंच गरज आहे त्याच्याआधी जाणत्या माणसाला चार मिनिटं बोलू द्या. २०२० च्या जूनमध्ये 'गॉन विथ द विंड' अमेरिकी ओटीटीवरून काढला गेला आणि दोनेक आठवड्यांत परत आला तो असाच, जॅकलिन स्टुअर्ट या चित्रपट-अभ्यासक बाईंच्या प्रास्ताविकासह. त्या स्वतः काळ्या. त्यांनी सिनेमाची थोरवी नाकारली नाही आणि त्यातलं खोटंही लपवलं नाही.

शेवभाजी संपली, 'बनवाबनवी' जाहिरातीत अडकला. बिल येईपर्यंत भाचीनं माझा फोन घेऊन भुसावळला आईला लावला. माकडं सांगून झाली, खडा घेतला ते सांगून झालं, मग तिनं विश्वंतराची गोष्ट सांगायला घेतली. हत्ती सांगितला, वनवास सांगितला, पडक्या दातांचा म्हातारा आवाज काढून दाखवला. मुलं दिली तिथं ती थांबली.

"...आणि आईला विचारलंच नव्हतं. ती फळं आणायला गेली होती ना," ती म्हणाली, आणि मग पुढची गोष्ट सांगू लागली.